मोहफुलं आणि नळाचं पाणी

गावाकडून चुलतभावानं पाठवलेली वाळवलेल्या मोहफुलांची पिशवी सोडली आणि शहरात, सक्करदऱ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात तो गोडसर, डोक्यात चढणारा वास भरला.

त्या वासासरशी मी थेट गावच्या रानात पोचले. मी लहान असताना सरकारनं आमच्या गावाजवळ धरणासाठी दोन जागा पाहिल्या होत्या. वरची घेतली तर मोहाचं रान बुडणार, खालची घेतली तर आमचं शेत, विहिरीसकट. धरणाचे साहेब गावाला विचारायला आले तेव्हा मोहफुलं गळत होती. बायांनी झाडांखालची जमीन अंगणासारखी झाडून ठेवली होती. कोणतं झाड कोणत्या घरचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. झाडांच्या मालकीचा कागद मात्र कुणाकडेच नव्हता.

"खालीच बांधा, साहेब," माझे वडील, आबा, म्हणाले.

"अन् आपली विहीर?" आईनं सगळ्यांसमोर विचारलं.

"आपल्याले वावराच्या बदल्यात वावर भेटन वं. या बायायले झाडाच्या बदल्यात झाड कोण देईन?"

आई कित्येक दिवस आबांशी बोलली नाही. मीही चिडले होते. त्याच विहिरीत मी पोहायला शिकले होते. साहेबांनी आणखी कुणाकुणाचं ऐकलं, मला माहीत नाही, पण धरण खालीच झालं.

आता त्याच धरणाचं पाणी माझ्या नळाला येतं. आमची विहीर ज्या पाण्याखाली आहे, त्या पाण्यात मी आबांनी वाचवलेल्या रानातली फुलं भिजत घातली. ती हळूहळू फुगायला लागली, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "बरं केलं, आबा."