पद्मिनीच्या स्वयंपाकघरातली खिडकी

पद्मिनी आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात राहायची. शॉमबर्गमध्ये अशी एकाला एक चिकटून घरं असतात, टाउनहाउस म्हणतात. तिचं टोकाचं, माझ्या मुलाचं मधलं. नागपूरला ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न होऊन आली ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर इथे राहायचं, स्वतः नोकरी करायची नाही. ग्रीन कार्ड आलं की करता येईल, असं तिचा नवरा विनय पहिल्या वर्षी म्हणाला होता. सावनी, त्यांची मुलगी, तीन वर्षांची झाली तरी कार्डाचा पत्ता नव्हता.

विनय सोमवारी पहाटे कामासाठी मिनिॲपोलिसला जायचा आणि गुरुवारी रात्री परतायचा. गाडी एकच, ती तेवढे दिवस विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी. लायसन्स पद्मिनीकडेही होतं. "लायब्ररीचं कार्ड काढायला फार उपयोगी पडलं, काकू," असं ती म्हणायची.

त्या घराच्या खिडक्या जुन्या होत्या. आधीच्या मालकाने रंग देताना फटीसुद्धा रंगवून टाकलेल्या, त्यामुळे खालच्या मजल्यावरची एकही हलत नसे. त्यावर विनयने थंडी अडवायला आतून प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं. हिवाळ्यात इथे बरेच लोक बसवतात, हेअर ड्रायरची गरम हवा दिली की ते ताठ होतं. मे महिन्यात लोक ते काढतात. विनयने काढलं नाही. "आता एसीच लावायचाय. ऑक्टोबरात परत कोण डोकं लावणार?" बाहेर वारा सुटला की ते प्लॅस्टिक आत फुगायचं आणि पुन्हा मागे ओढलं जायचं. चहाला बसले की माझी नजर तिकडेच जायची.

फोडणी टाकली की धुराचा अलार्म वाजे. म्हणून छताला लावलेल्या त्या डबीला पद्मिनीने शॉवर कॅप घातली होती. सावनी तिला 'टोपीवाले काका' म्हणायची.

२००५च्या सप्टेंबरात विनयने खिडक्या बदलायचं ठरवलं. खालच्या मजल्यावर नुसती एकसंध काच, उघडायची भानगडच नाही, असा त्याचा बेत. पद्मिनीने माहितीपत्रकं वाचून ठेवली होती. तिला डबल-हंग हव्या होत्या. त्यांत दोन तावदानं असतात, एकावर एक, आणि दोन्ही सरकतात. "सावनी सगळीकडे चढते, काकू. खालचं बंद ठेवायचं आणि वरचं खाली घ्यायचं. हवा येईल, आणि ही पडायचीही नाही."

सेल्समन शुक्रवारी संध्याकाळी आला. टॉम नाव. नवरा-बायको दोघं घरात असतील तरच येणार, अशी त्याच्या कंपनीची अट होती. सावनीला सांभाळायला मी गेले होते. पद्मिनीने पोहे केले. टॉमने ते दोनदा घेतले आणि ऐसपैस बसला. पाहुण्याला 'आता उठा' कसं म्हणायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

तो सगळं विनयशी बोलत होता. काच किती पदरी, गॅसचं बिल किती वाचेल. नमुन्याची एक छोटी खिडकी त्याने जेवणाच्या टेबलावर उभी केली होती. पद्मिनीने विचारलं, "वरचं तावदान खाली येतं ना?"

टॉमने एका बोटाने ते सरकवून दाखवलं. पद्मिनीने त्या फटीतून हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि तसाच ठेवला.

"छान आहे गं," विनय म्हणाला, "पण उघडणार कोण?"

"मी."

"सहा महिने थंडी, तीन महिने एसी. राहिले किती दिवस?"

"राहिलेले."

विनय हसून माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला. नागपूरसारखं आहे का इथे?"

"मी काय सांगू?" मी म्हटलं. "दिवसभर या घरात मीही नसते आणि तूही नसतोस."

 तो टॉमला म्हणाला, "सगळ्या बंद काचेच्या लिही." टॉमने लिहिलं, विनयने सही केली, आणि टॉमने कागद पद्मिनीपुढे सरकवला. घर दोघांच्या नावावर होतं. दोघांच्या सह्या लागणार होत्या.

पद्मिनीने पेन हातात घेतलं. टोपण लावलं. पोह्यांच्या रिकाम्या बशीशेजारी ते ठेवून दिलं.

"विचार करते," ती म्हणाली.

"विचार कसला? सही कर ना."

"आज नको."

"अगं, तो बसलाय."

"बसू दे. मी चहा टाकते."

मराठी कळत नसलं तरी टॉमला कळायचं ते कळलं. इतक्या वेळात पहिल्यांदा तो तिच्याकडे वळला. "तुम्हाला कुठली हवी आहे, मॅडम?"

"खालच्या मजल्यावरच्या सगळ्या उघडणाऱ्या," ती म्हणाली. मग विनयच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "निदान स्वयंपाकघरातली."

इतक्या लवकर तिने एकीवर यायला नको होतं, असं मला वाटलं. पण रोज तिथे राहायचं तिला होतं.

"एकच ना? मग आधी बोलायचं," विनय म्हणाला, जणू एवढा वेळ दुसरंच कुणीतरी अडवत होतं. टॉमने कागद दुरुस्त केला. पद्मिनीने सही केली.

खिडक्या नोव्हेंबरात बसल्या. बैठकीच्या खोलीत मोठ्या स्वच्छ काचा आल्या, कधीच न उघडणाऱ्या. पुढच्या सोमवारी, विनय गेल्यावर, पद्मिनीचा फोन आला. "काकू, कोट घालून या."

ती स्टुलावर उभी होती. दोन्ही हातांनी तिने वरचं तावदान खाली ओढलं. थंड हवा एकदम आत आली, ओट्यावरचे कागदी रुमाल उडाले. सावनी ओरडली, "मम्मा, इट्स कोल्ड!" पद्मिनीने तोंड फटीपाशी नेलं. बाहेरून मुलांचा गलका ऐकू येत होता.

"काकू, शाळा इतकी जवळ आहे?"

"मागच्याच रस्त्यावर. गाडीतून दिसते की."

"दिसते. घरात ऐकू कधी आली नव्हती."

थोड्या वेळाने शाळेची घंटा झाली. मुलं आत गेली असावीत, कारण नंतर काहीच ऐकू येईना. रस्त्यावर तर कुणीच नव्हतं. खाली तळघरात हीटर धडधडत सुरू झाला. पद्मिनी तशीच स्टुलावर उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून.

मी सावनीला स्वेटर घातला.