वर्नेलबाईंचा उजवा पाय

जखमांच्या दवाखान्यात माणसं आधी एकमेकांच्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे. माझ्या बायकोच्या, शुभाच्या टाचेची जखम भरत नव्हती, म्हणून आमचा मुलगा यतीन दर मंगळवारी आम्हाला तिथे सोडून ऑफिसला जायचा. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, आम्ही राहतो त्या मॉरिसव्हिलपासून दवाखाना फार लांब नाही. समोरच्या खुर्चीत एक उंच, सावळ्यापेक्षा बऱ्याच काळ्या, ताठ बसणाऱ्या बाई असायच्या. उजव्या पायात गुडघ्यापर्यंतचा करडा प्लॅस्टिकचा बूट, डाव्या पायात पांढराशुभ्र कापडी बूट. त्यांनीच एकदा विचारलं.

"काय, शुगर का?"

"हो, शुगर," शुभा म्हणाली.

"तुमच्यातही शुगरच म्हणतात?" त्या मोठ्याने हसल्या. "चला, एक शब्द तरी जुळला. बाकी डॉक्टर काय बोलतो ते आपल्या दोघींनाही कळत नाही."

हे सगळं इंग्रजीत चालायचं. मला आठवतं तसं मराठीत लिहितो आहे, थोडं इकडचं तिकडे झालं असेल.

त्यांचं नाव वर्नेल हेअरस्टन. तिकडे सगळे मिस वर्नेल म्हणायचे, शुभा वर्नेलबाई म्हणू लागली. "बाई म्हणजे काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी घाईत "मॅडमसारखं" असं सांगून टाकलं. "मग चालेल, चालूच ठेवा," त्या म्हणाल्या. देवदत्त त्यांच्या जिभेला जमलं नाही, म्हणून मी मिस्टर डेव्ह झालो.

जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान वस्तीत त्यांचा जन्म. वडील कोळंबी पकडायचे. लग्न होऊन त्या नॉर्थ कॅरोलायनात आल्या आणि उभं आयुष्य शाळेची पिवळी बस चालवली. नवरा गेला, मुलगी लॅट्रिस मोठी झाली, तरी बस सुटली नव्हती. मग एका सकाळी चौकात, ब्रेकवर आपला पाय आहे की नाही हे त्यांना खाली बघून ठरवावं लागलं. पायातली जाणीव गेलीच होती, पण ती किती गेली ते तेव्हा कळलं. मुलांना शाळेत उतरवलं, बस डेपोत नेली आणि किल्ल्या परत दिल्या.

"त्या दिवशी रडले नाही," त्या म्हणाल्या. "बस काय, कुणीही चालवेल. पण शाउट गेला तर मी रडेन."

शाउट म्हणजे ओरडणं असं आम्ही समजलो. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. त्यांच्याकडचा शाउट पायांनी करतात. गोल करून, एकामागे एक, पाऊल जमिनीवरून न उचलता घासत पुढे न्यायचं, टाचेने ठेका द्यायचा. पायावर पाय जाता कामा नये. पाय ओलांडला की तो नाच झाला, आणि नाच देवाच्या घरात चालत नाही. एक माणूस झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ताल धरतो.

"दांडा का? ढोलकी नाही का?" मी विचारलं.

"ढोल काढून घेतले होते ना. आमच्या पणजीच्या आईच्या वेळी, गुलामीत. मालकांना वाटायचं, ढोल वाजला की ही माणसं एकमेकांना निरोप देतात. मग जमीन राहिली आणि पाय राहिले." त्यांनी डाव्या टाचेने फरशीवर एक ठेका दिला. "माझ्या आजीने मला उभं राहता आल्यावर पहिलं हे शिकवलं. बोलायला मी नंतर शिकले. अजून थांबले नाही, असं लॅट्रिस म्हणते."

जुलैच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की अंगठ्यातला संसर्ग हाडात गेला आहे. पाय गुडघ्याखालून काढायचा, आणि लगेच. तोवर त्यावर अजिबात भार द्यायचा नाही. वर्नेलबाई म्हणाल्या, ऑगस्टातल्या होमकमिंगनंतर काढा. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी गाव सोडून गेलेली सगळी माणसं परत येतात, जेवणं होतात, आणि दुपारी शाउट होतो.

"गेलेले सगळे म्हणजे?" शुभाने विचारलं.

"सगळे," त्या म्हणाल्या. "गाडीने येणारे, आणि न येता येणारेही."

लॅट्रिसने मला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. ती विमानतळावर काम करायची, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं, डोळे सुजलेले.

"अंकल, ती तुमचं ऐकते. तुम्ही बोला ना. दोन आठवडे थांबली तर नुसता पाय नाही जाणार."

मला काय बोलता येणार? घरी यतीन म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका. उद्या काही झालं तर म्हणतील ह्यांनी ॲडव्हाइस केलं. लीगल इश्यू होतो यार इथे." शुभा त्याच्यावर चिडली. "माणूस मरायला टेकलंय आणि ह्याला लीगल सुचतंय!"

पुढच्या मंगळवारी मी धीर करून विषय काढला. म्हटलं, आमच्याकडेही अंगात येतं. आमच्या गावी देवीच्या जत्रेत बाया घुमायच्या, मी लहानपणी बघून घाबरायचो. पण शेवटी देव भाव बघतो, असं आम्ही मानतो. पाय नसला तरी मनात शाउट करता येईल की.

वर्नेलबाई रागावल्या नव्हत्या.

"मन आमचं कुणी विकत घेतलं नाही, मिस्टर डेव्ह. मनाला गिऱ्हाईक नव्हतं. पाय बघायचे, दात बघायचे, पाठ चाचपायचे, आणि न्यायचे. आजी म्हणायची, जे त्यांनी नेलं तेच देवाला द्यायचं. उरलेलं नाही द्यायचं." मग बुटावर हात आपटून म्हणाल्या, "आता हाही नेणारच आहेत. त्याआधी त्याला त्याचं काम करू दे. होमकमिंगला तुमच्या मिसेसना घेऊन या. भाजीत डुकराचं मांस असेल, तुम्ही केक खा."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण होमकमिंगला यायचं मी कबूल केलं.

त्या रविवारी हवा इतकी कोंदट होती की पाइनची झाडंही घामेजल्यासारखी दिसत होती. विटांच्या चर्चमागे एक जुनी लाकडी खोली होती, ती या दिवसापुरती उघडायचे. जेवणं झाली. वर्नेलबाई पांढऱ्या झग्यात, डोक्याला पांढरं फडकं बांधून बसल्या होत्या. लॅट्रिस त्यांच्याशी बोलत नव्हती. ती आमच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने डोळे मिटून घेतले.

दांड्याचा पहिला ठोका पडला तसे वर्नेलबाईंनी बुटाचे पट्टे सोडले. खाली जाड बँडेज होतं. त्या उठल्या तेव्हा मला वाटलं, या इथेच कोसळणार. पण त्या पाच-सहा वयस्क बायकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि गोल हळूहळू फिरू लागला.

तो उलटा फिरत होता. आपण देवाभोवती फिरतो त्याच्या बरोबर विरुद्ध. तशी फेरी मी आयुष्यात एकदाच मारली आहे, वडिलांच्या चितेभोवती, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन. त्यांची रीत ती त्यांची, हे कळत होतं, पण मला ती चितेची फेरीच दिसत राहिली. जमीन हादरत होती. एक म्हातारा भसाड्या आवाजात ओळ टाकायचा, बाकीचे झेलायचे. बायकांची पावलं उचलली जात नव्हती, तरी त्या वाहत्या पाण्यावरून गेल्यासारख्या जात होत्या. वर्नेलबाईंच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. चेहऱ्यावर त्याच नव्हत्या.

ताल वाढला. तेव्हा मला जमिनीवर ते दिसलं. आधी वाटलं, कुणाचं सरबत सांडलं. मग वर्नेलबाई आमच्यासमोरून पुन्हा गेल्या आणि घासलेल्या पावलाचा लाल पट्टा आणखी रुंद झाला. मागच्या बायका त्यावरूनच पाय ओढत येत होत्या. त्यांच्याही टाचा लाल. कुणाचं लक्ष नव्हतं.

"अहो, जा ना," शुभा माझा हात दाबून म्हणाली.

मी लाजाळू माणूस. लग्नातसुद्धा मला स्टेजवर ढकलावं लागलं होतं. पण मी गोलात शिरलो, आणि पाय सवयीने वळले ते आपल्या दिशेने. समोरून येणाऱ्या बायका मला चुकवत बाजूने निघून गेल्या, आणि वर्नेलबाई माझ्या छातीशी येऊन थांबल्या. थांबल्या म्हणजे पुढे सरकेनात, टाच मात्र चालूच होती.

"उलटे निघालात मिस्टर डेव्ह," त्या म्हणाल्या. डोळे माझ्यावर नव्हते.

"पाय," मी म्हटलं. "पाय बघा."

त्यांनी खाली पाहिलं. तो सगळा लाल गोल त्यांनी नीट, सावकाश पाहिला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं?"

मी एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याने त्यांच्या पायाकडे बोट केलं. त्यांनी त्या पायाकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं पाहिलं, मग माझा हात खांद्यावरून हळूच बाजूला केला आणि माझ्या अंगावरून पुढे निघाल्या. ओळ पुरी व्हायची होती. तेवढ्यात लॅट्रिसने डोळे उघडले. तिच्या किंकाळीने दांडा थांबला आणि वर्नेलबाई बसल्या, उभ्या माणसाच्या खालून जमीन काढून घ्यावी तशा.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. संसर्ग रक्तात गेला होता. बरेच दिवस कुणाला भेटू देत नव्हते. मग लॅट्रिसचा फोन आला, की आई तुम्हाला बोलावते आहे.

खोलीत पडदे ओढलेले होते. वर्नेलबाई फार लहान झाल्या होत्या. पांघरुणाची उजवी बाजू मांडीपाशी सपाट व्हायची. शुभाने डब्यातून गुरगुट्या भात आणला होता, तो टेबलावर ठेवला.

"मिस्टर डेव्ह, एक गंमत सांगू? आता तो मला कळतो."

"काय कळतं?"

"पाय. उजवा. इतकी वर्षं लागलं, भाजलं, काही कळलं नाही. काढल्यापासून सगळं कळतंय. पाचही बोटं."

लॅट्रिस म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, असं होतं. तुटलेल्या अवयवाची जाणीव राहते."

"राहते नाही," वर्नेलबाई म्हणाल्या. "चालतोय तो. त्या दिवशी ओळ पुरी झाली नाही ना. मी थांब म्हणते, तर थांबत नाही. सगळे आहेत तिथे, मी पावलं ओळखते. आजीचं तर लगेच. तो त्यांच्यात फिरतोय आणि मी इथे राहिले." त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला चांगलीच ताकद होती. "आणि आता डावाही मागतोय."

लॅट्रिस तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

"मी इथे राहायचं म्हणते आहे. मुलगी आहे माझी," वर्नेलबाई कुजबुजल्या. "डावा धरा जरा."

परक्या बाईच्या पायाला हात कसा लावायचा, असं माझ्या मनात आलं खरं. शुभाने पांघरूण दूर केलं. मी पायथ्याशी वाकलो आणि त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो थंडगार होता. माझ्या तळव्याखाली त्यांची टाच ठेका धरत होती, आणि मी जितका जोर लावत होतो, तितका तो वाढत होता.