डोंगराआड गेलेला ड्रोन

माझी मुलगी त्या दुपारी घरी आली ती चपला न काढताच आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवी झाली. पडेगावच्या घरात तेव्हा आम्ही दोघीच राहत होतो. मला मोजणी खात्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि ती पुण्यातली नोकरी सोडून परत आली होती. ड्रोन उडवायचा, फळबागांचे वरून फोटो काढायचे, कुठली झाडं वाळायला लागलीत ते बागवाल्यांना दाखवायचं, असं काम तिनं सुरू केलं होतं. तो ड्रोन हेच तिचं दुकान आणि तेच तिचं ऑफिस.

"काय झालं गं?"

"गेला."

"कोण गेला?"

"ड्रोन, आई. डोंगराआड गेला. आलाच नाही परत."

पाणी पिऊन झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. दौलताबादच्या पुढं, खुलताबादच्या डोंगराखाली एका सीताफळाच्या बागेत ती काम करत होती. भादवा संपत आला होता. अचानक वारं उठलं, डोंगरावरचे ढग खाली उतरले. तिनं ड्रोन माघारी वळवला, पण हातातल्या पडद्यावरचं चित्र थिजून राहिलं. मग पडदा काळा झाला. असं झालं की ड्रोन आपोआप माघारी येतो म्हणे. म्हणून ती मोकळ्या जागेत आभाळाकडे बघत अर्धा तास उभी राहिली होती.

"हात वर करून उभी होते," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती शोधायला गेली तेव्हा भाई तिच्याबरोबर गेले. भाई म्हणजे खात्यातले माझे जुने सहकारी. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. ते भूकरमापक, म्हणजे शिवारात जाऊन साखळीनं जमीन मोजणारे, आणि मी ऑफिसात बसून नकाशे उतरवून काढणारी ट्रेसर. घरी ते उर्दू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि दमले की दोन्हींची खिचडी करतात. त्या संध्याकाळी दोघं परतले तेव्हा त्यांच्या कपड्यांना गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती.

"ताई, पत्थर-पत्थर देखा," भाई ओट्यावर बसत म्हणाले. "नाय मिळाला. ड्रोन हाय का जिन, काय कळंना."

"कुणीतरी उचलला असेल," मुलगी म्हणाली, आणि तो विषय संपल्यासारखी आत निघून गेली.

मला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी तिला विचारलं, "तो कुठपर्यंत गेला हे तुला कसं कळलं?"

"त्याची नोंद असते. उडाल्यापासून संपर्क तुटेपर्यंतची. फोनमध्ये."

"दाखव बरं."

तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं सरकवला. पडद्यावर आकड्यांच्या ओळीच ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, वेग, ड्रोनचं तोंड कुठल्या दिशेला, बॅटरी किती. एका सेकंदात अशा कितीतरी ओळी. ती अंघोळीला गेली आणि मी त्या वाचत बसले. आकड्यांची मला भीती कधीच वाटली नाही. तीस वर्षं दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे समोर ठेवून मी गावं काढली. बांध, ओढे, विहिरी, गाडीवाटा. पण त्यातल्या एकाही गावाच्या शिवारात माझं पाऊल पडलं नव्हतं. भाई बुटांना चिखल घेऊन यायचे, वह्या माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि त्या चिखलाच्या रंगावरून मी ओळखायचे की आज काळी जमीन मोजली की मुरमाड.

कपाटात ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी होती. ती काढली, टेबलावर ताणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, आणि शेवटच्या दोन मिनिटांतल्या ओळींमधून थोड्या थोड्या अंतरानं एकेक बिंदू मांडत गेले. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, रस्त्यानं भाजीवाला ओरडत चालला होता. हळूहळू ते आवाज लांब गेले. पेन्सिलीच्या टोकाखाली वारं आहे असं मला वाटायला लागलं. बिंदू आधी दाट पडत होते, मग विरळ. मी त्याच्याबरोबर त्या ढगात शिरले होते. खाली काही दिसत नव्हतं, वर काही दिसत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं. तोंडाचा रकाना सगळीकडे मावळती दाखवत होता. बाग मावळतीलाच होती, म्हणजे ड्रोन माघारी वळला होता, एवढं मुलीनंही बघितलं होतं. पण माझे बिंदू उगवतीकडे सरकत होते. एकापुढं एक, सारखे, न थांबता. तोंड बागेकडे आणि चाल उलटी. वाऱ्यापुढं त्याचं काही चालत नव्हतं. सगळा जीव लावून तो माझ्या मुलीकडे येत होता आणि मागं मागं जात होता.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. एका यंत्रासाठी डोळ्यांत पाणी यावं हे चमत्कारिक होतं, पण आलं.

मुलगी केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "तुम्ही कुठं शोधलंत?"

"शेवटचा बिंदू आणि तिथून बागेकडे. त्याचं तोंड इकडंच होतं ना."

"इकडं नाही. पलीकडं बघ."

ती कागदावर वाकली. तिच्या ओल्या केसांचं पाणी ट्रेसिंगवर पडलं तरी मी काही बोलले नाही. बराच वेळ ती एकेका बिंदूवर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, "मी नकाशावरचा बाणच बघत राहिले. बॅटरी अगदी संपत आली की तो जिथं असेल तिथंच खाली उतरतो. म्हणजे अजून तीनेक मिनिटं तो असाच..." तिनं माझ्या हातातली पट्टी घेतली, बिंदूंची रेघ पुढं वाढवली आणि शेवटी एक छोटं वर्तुळ काढलं.

मी भाईंना फोन केला. ते म्हणाले, "उद्या सकाळी व्हॅन घेऊन येतो. और ताई, इस बार तुम भी चलो."

माझे गुडघे दुखतात, घरी कोण थांबणार, असं काहीतरी मी बोलले. पण सकाळी साडी खोचून, पायात मुलीचे बूट घालून व्हॅनमध्ये सगळ्यांत आधी मीच बसले होते.

धुकं होतं. दौलताबादजवळ किल्ला दिसलाच नाही, धुकं तेवढं तिथं जरा जास्त काळपट होतं. डोंगराला वळसा घालून भाईंनी पलीकडच्या अंगाला, एका ओढ्याजवळ गाडी थांबवली. तिथून पुढं पायवाट. दोन्ही बाजूंना तरवडाची पिवळी फुलं, आणि दोन-तीन झुडपांपलीकडचं सगळं पांढरं. मुलगी फोन बघत पुढं चालली होती. भाई पावलं मोजत होते. साखळी सुटली तरी त्यांची ती सवय काही सुटलेली नाही.

मी मागं राहिले, कारण मला वेगळंच काहीतरी होत होतं. या गावाचा नकाशा मी नोकरीत तीनदा उतरवला होता. ही पायवाट म्हणजे तुटक रेघ. पुढं ती ओढा ओलांडणार, मग डाव्या हाताला विहीर लागणार, एक बारीक गोल. ओढा आला. त्यात पाणी होतं, गार, बोटांएवढे मासे होते. माझ्या नकाशात पाण्याला फक्त रंग होता. डाव्या हाताला धुक्यातून विहिरीचा काठ वर आला आणि मी त्या दगडावर हात ठेवून उभी राहिले. दगड ओला होता, त्यावर दोराचे चरे पडले होते.

"ताई, चक्कर आली का?" भाईंनी लांबून विचारलं.

"नाही. ही विहीर मी काढलेली आहे."

ते हसले नाहीत. "हौ," म्हणाले, "मीच मोजली होती. तवा तर इथं आंब्याचं झाड होतं."

वर्तुळाच्या जागी आम्ही पोचलो तिथं मक्याचं शेत होतं, माणसापेक्षा उंच. शेताच्या कडेला एकच घर. पत्र्याचं, दारावर निळा झेंडा. मक्यात शिरावं की आधी विचारावं, असं आमचं चाललं होतं तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"काय हुडकताय?"

एक म्हातारी बाई होती. हातात खराटा. मुलीनं पुढं होऊन दोन्ही हातांनी आकार दाखवला. "आजी, एवढा एक ड्रोन... चार पंखांचा. तीन दिवस झाले."

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुझं हाय व्हय ते? या."

घराच्या बाजूला कोंबड्या झाकायचं मोठं डालगं पालथं घातलेलं होतं आणि वर दगड ठेवला होता. तिनं दगड काढला, डालगं कलतं केलं. आत गोणपाटावर आमचा ड्रोन बसला होता. दोन पाती तुटलेली, एका हाताला चीर, अंगभर मक्याचा हिरवा रस वाळलेला.

"म्या मक्यात गवत कापीत हुते," ती सांगायला लागली. "भणभण आवाज आला, पानं तुटली, आन् हे खाली बसलं. लाल दिवा मिचकावीत हुतं. कुत्रं लई भुकायलं. म्हनलं, चावून टाकील. म्हनून झाकून ठिवलं. कुणाचं तरी हाय, येतील की."

मुलगी तिच्या पाया पडायला वाकली तर म्हातारी मागं सरली. "नाय नाय. बस आधी. वाईच च्या टाकते."

चहा होईपर्यंत मुलीनं ड्रोनमधलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. बागेचे फोटो सगळे शाबूत होते. आणि शेवटी एक चित्रफीत होती. आमचा संपर्क तुटला तरी त्याचं चित्रण चालूच राहिलं होतं. आम्ही चौघं अंगणात घोंगडीवर बसून ती बघायला लागलो. तिला आवाज नव्हता.

आधी सीताफळाची बाग, आणि मोकळ्या जागेत एक माणूस, मुंगीएवढा. माझी मुलगी. कॅमेऱ्याचं तोंड तिच्याकडेच होतं आणि ती लहान लहान होत चालली होती. मग बाग लहान झाली. डोंगराचा कडा खालून वर आला आणि मधे आडवा झाला. त्यानंतर नुसतं पांढरं. इतका वेळ पांढरं की पडदा बंद पडला असं वाटावं. मधेच एखादी करडी रेघ, मधेच उजेड. भाईंच्या हातातल्या कपातली वाफही त्यातच मिसळली होती. मग ढगाच्या खालून मका आला, जवळ आला, हिरवी पानं थरथरली, फाटली, आणि चित्र एकदम स्थिर झालं.

मग मक्याच्या पानांमधून दिसणारा आभाळाचा एक तुकडा. त्यात काहीच घडत नव्हतं. एक मुंगी काचेवरून चालत गेली. ढग सरकले. आणि वरून एक चेहरा आत आला, अगदी जवळ, सुरकुत्यांसकट. ओठ हलत होते.

"अगं बया," म्हातारी म्हणाली, "ही तर मी."

"आजी, काय म्हणत होतात त्याला?" मुलीनं विचारलं.

ती जरा लाजली. "काय म्हनणार. म्हनलं, भिऊ नगंस."

तिथंच चित्रफीत संपली. म्हातारीनं ती पुन्हा लावायला सांगितली. तिला स्वतःचा चेहरा बघायचा नव्हता; ढगाखालून शेत येतं तेवढंच बघायचं होतं. तिथं मुलीनं चित्र थांबवलं. एका कोपऱ्यात नखाएवढं पत्र्याचं घर होतं. "येवढंसंच हाय व्हय," ती म्हणाली, आणि तिनं त्या घरावर बोट ठेवलं. तिच्या शेताचा बांध मी कितीदा शाईनं ओढला होता, आणि हे घर माझ्या कागदावर कधीच नव्हतं.

तिनं आम्हाला भाजलेली कणसं खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. निघताना भाईंनी कुत्र्यालाही एक कणीस दिलं. धुकं केव्हाच उठलं होतं, आणि डोंगर इतका जवळ होता की माझी मुलगी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

ड्रोन दुरुस्त व्हायला महिना गेला. अजून तो जरा डावीकडे ओढतो असं ती म्हणते. आता तिच्या कामाला मीही जाते. नोंदी मी वाचते, उडवणं तिचं. दिवाळीनंतर आम्ही त्या थांबवलेल्या चित्राचा मोठा फोटो काढून म्हातारीला नेऊन दिला. पुढच्या खेपेला गेलो तर तो दाराशेजारी खिळ्याला टांगलेला होता. नकाशात उत्तर वर असते, तसाच मी तो काढून घेतला होता. तिनं तो आडवा लावला होता, तिचं दार खालच्या बाजूला येईल असा. तो फिरवून लावायला माझा हात सवयीनं पुढं झाला होता, तो मी मागं घेतला.

"बराबर लागलाय ना?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि आम्ही चहाला बसलो.