वाऱ्याच्या आडोशाला हुदहुद

देवाकडे काही मागावं की नाही, अशीच शंका त्या दिवसांत माझ्या मनात होती. आम्ही तेव्हा नोकरीसाठी अबुधाबीत राहत होतो. आमचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधावं, हे तालुक्याच्या शाळेने मनावर ठसवलं होतं. इथे तेच सापडेना. पत्नी तर बोलेनाशीच झाली. एकदाच म्हणाली, "मला कराडला आईकडे पोचवा. परत यायचं का, ते मग बघू."

नव्वदच्या दशकातला तो मार्च. शुक्रवारी सुट्टी म्हणून आम्ही अबुधाबीहून दुबईतल्या बर दुबई भागातल्या देवळात गेलो. हात जोडले, पण शब्द सुचेनात. 'तिला बोलतं कर' एवढंच मनात आलं. परतताना आभाळ मळकट झालं होतं आणि बोचरा वारा वाळू उडवत होता. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. वसंतात उत्तरेकडे निघालेले पक्षी अशा हवेत दमून खाली उतरतात, म्हणून रस्ता सोडून एका सखल जागी गाडी उभी केली. पाखरं माणसाला बुजतात, गाडीला नाही; फोटो आत बसूनच काढायचे. पण वाऱ्याने गाडीच हलत होती, कॅमेरा स्थिर राहीना. कंटाळून मी किल्लीला हात घातला.

"अहो, थांबा! चालू करू नका."

तिच्या बाजूला, गाडीच्या आडोशाला, एक हुदहुद, तो लांब चोचीचा तुरेवाला पक्षी, पंख आवळून बसला होता.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. वाळूत उभी गाडी दिसली की तिला ओलांडून जायचं नाही, ही तिथली रीत. आम्ही रुतलो असं समजून एक अरब आजोबा दोर घेऊनच माझ्या खिडकीशी आले. पत्नीने ओठांवर बोट ठेवून पलीकडे खुणावलं. त्यांनी बॉनेटवरून डोकावून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"हुदहुद! मुसाफिर है," ते कुजबुजले. "तुम बैठो. हम हवा रोकता."

त्यांनी पिकअप हळूच वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली. आमची गाडी हलायची थांबली. जरा वेळाने पाखराने तुरा उभारला, वाळूत चोच खुपसून कसलीशी अळी ओढली.

"खातोय बघा! कुठून आला असेल हो? एकटाच कसा?"

"माहीत नाही."

"अन् म्हणे बीएस्सी!"

"आम्हाला चिरायला बेडूक होता, पक्षी नव्हते."

ती हसली. किती दिवसांनी! मी कॅमेरा तिच्या हातात दिला. पाखरू उडेपर्यंत ती त्यातून बघत राहिली. मग आजोबांनी हात वर केला, "खलास, हो गया!" म्हणाले आणि निघून गेले. नावही विचारायचं राहिलं.

बाळ का गेलं, ते मला आजही ठाऊक नाही. पूर्वी 'माहीत नाही' म्हणताना हरल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी तेच शब्द उच्चारले आणि प्रथमच मन हलकं झालं. जे आपल्याला कळत नाही, ते देवावर सोपवता येतं, एवढं मला त्या दिवशी उमगलं. पुढे कराडला गेलो ते दोघं मिळून, आणि परतलोही दोघं. वाटेत तिचे प्रश्न काही संपत नव्हते.