दार धरणारा

अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर आइस हॉकीचा एक स्वीडिश गोलकीपर राहायचा. व्यावसायिक, पण राखीव. मुख्य गोलकीपर जायबंदी झाला तरच याची पाळी. बोलणं अगदी कमी. मात्र बिल्डिंगकडे कुणी येताना दिसलं, की हा दार धरून उभा. मी लांब पार्किंगमध्ये असलो तरी! मग मला ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन पळावं लागायचं आणि त्याचा रागच यायचा. तो म्हणायचा, "सावकाश. घाई नाही."

एकदा त्याने दिलेल्या तिकिटांवर मी एका मित्राला घेऊन मॅचला गेलो. तो खेळलाच नाही. बर्फावर उघडणाऱ्या छोट्या फाटकाशी, बाकाच्या टोकाला बसून होता. दमलेले खेळाडू आले की फाटक उघडायचं, ताजे गेले की लावायचं. राखीव गोलकीपरचं ते कामच असतं म्हणे.

"यार, हा तर वॉचमन निघाला!" मित्र म्हणाला. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याने दार धरलं, तेव्हा मला वर बघवेना.

सीझन संपताच टीमने त्याला सोडलं. सामान न्यायला माणसं आली. त्याचाच सोफा, त्याचेच खोके बाहेर चालले होते आणि तो दार धरून उभा होता. शेवटी त्याची एक बॅग उरली. मी पुढे होऊन दार धरलं.

तो गोंधळून थांबला. "तू आधी," म्हणाला.

मी हललो नाही.

"सावकाश," मी म्हणालो. "घाई नाही."