खेळाडूची नाडी

माणूस म्हणजे हाडं, स्नायू आणि त्यांना वेळेवर मिळालेली विश्रांती, याखेरीज जगात आणखी काही आहे यावर आमच्या साडूंचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान वर्ध्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. या विषयाचा प्राध्यापक म्हटलं की लोकांना गळ्यात शिट्टी अडकवून पंधरा ऑगस्टची परेड घेणारा मास्तर दिसतो, आणि साडूंना नेमका याचाच भयंकर संताप यायचा. त्यांचा विषय होता देशपातळीवरच्या खेळाडूंची ताकद. ती कशी वाढवायची, कशी मोजायची आणि स्पर्धेच्या दिवशी नेमकी वर कशी आणायची, यावर त्यांनी अकरा वर्षं घासून पीएचडी केली. आता आमच्या जिल्ह्यात असे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे प्रबंधाला लागणारी माणसं गाठायला साडू आपली मोजमापाची यंत्रं पोत्यात भरून रेल्वेने गावोगावच्या शिबिरांना जात. एकदा सिंदी स्टेशनवर पोलिसांनी ते पोतं उघडायला लावलं, तर यांनी आधी हवालदाराच्या पंजाची पकड मोजली आणि ती कमी भरली म्हणून त्यालाच रोज ओला टॉवेल पिळायचा व्यायाम सांगितला. गाडी चुकली ती चुकलीच.

त्यांच्या नजरेतून कुणी सुटत नसे. लग्नात आम्ही ताटात काय पडतंय ते बघावं, तर हे वाढणाऱ्या पोरांचे गुडघे बघत. घरी गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्याला दारातच थांबवून पाठ कशी ताठ ठेवायची याचं प्रात्यक्षिक होई, तोवर ताई स्वयंपाकघरात विझलेल्या शेगडीपुढे उभ्या. बाजारात आंजीहून वांगी घेऊन येणारी एक बाई टोपलं उचलत होती, तर हे मध्येच गेले.

"बाई, कमरेतून नका वाकू. मांड्याईच्या जोरानं उचला."

बाईनं पदर खोचला. "मास्तर, वीस वर्सं झाले मी उचलून राह्यली. तुमी दावा ना उचलून एकडाव."

साडूंनी उचललं, अगदी शास्त्रशुद्ध उचललं. बाईनं कौतुकानं मान हलवत टेम्पोतली उरलेली तीनही टोपली त्यांच्याकडूनच उतरवून घेतली आणि वर आम्हाला किडकी वांगी दिली. घरी येताना साडू मला म्हणाले, "भाऊ, बाईले तंत्र समजलं." मी पिशवीतली किडकी वांगी मोजत चाललो होतो.

त्यांची आयुष्याची कमाई म्हणजे हिंगणीची एक पोरगी. पाच हजार मीटर धावणारी. हिला त्यांनी कॉलेजात असल्यापासून घडवलं, ती राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचली, आणि तिथूनही रोज पहाटे तिचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नंतर, आधी नाडी. दमदार खेळाडूचं हृदय थोड्या ठोक्यांत काम भागवतं, म्हणून सकाळची नाडी जितकी कमी तितका खेळाडू तयार, हे साडू वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले होते. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी त्यांना नाडी मोजणारं घड्याळ भेट दिलं आणि साठीतल्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या रूपानं एक खेळाडू हक्काचा मिळाला. रोज मैदानावर फेऱ्या सुरू झाल्या. नाडी साठावरून पन्नाशीत आली, मग आणखी खाली. मला सकाळी सकाळी फोन यायचा. "भाऊ, पंचेचाळीस! आमच्या पोरीची अठ्ठेचाळीस आहे, बोला!" ती चाळिसाला टेकली त्या दिवशी मी बायकोला घेऊन अर्धा किलो पेढ्यांसह त्यांच्याकडे गेलो. आम्ही चौघांनी बसून ते खाल्ले. ते घड्याळ अधूनमधून मनगटावर थरथरून इशारा द्यायचं, तेव्हा साडू त्याच्याकडे दयेनं बघत. "हे साध्या माणसासाठी बनवलं आहे, भाऊ. खेळाडू दिसला का घाबरते बिचारं."

ताईंनी मला एकदा बाजूला घेतलं. "भाऊजी, सर आजकाल जिन्यातच बसून राह्यतेत." नवऱ्याला त्याही सरच म्हणत. "परवा डोळ्यापुढे अंधारी आली म्हणे. तुमी सांगा ना त्याईले, डॉक्टरले दाखवा म्हणून. तुमचं ऐकतेत."

मी सांगायला गेलो. साडूंनी मला समोर बसवलं, वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ काढली, ती खाली नेली, मग वर नेली. "मेहनत वाढवली का आधी थकवा येते. इथं साधा माणूस घाबरते. पंधरा दिवस आराम केला का शरीर उसळून वर येते. अंधारी आली म्हणजे मी या खालच्या टोकाले आहो." ती रेघ इतकी सुंदर होती की मला पटली. मी सरकारी कार्यालयातला कारकून, कागदावर काढून दाखवलेलं मला नेहमीच पटत आलंय. बाहेर येऊन मी ताईंना म्हणालो, "काही नाही ताई, खेळाडूची नाडी आहे." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

दिवाळीला ती हिंगणीची पोरगी फराळाला आली. साडूंनी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. तिनं मनगट धरून नाडी मोजली, मग त्यांनीच शिकवलेल्या शिस्तीनं त्यांना गच्चीपर्यंत चढवून आणलं आणि पुन्हा मोजली. साडू धापा टाकत होते. ती बराच वेळ बोट काढेना.

"सर, माझी बी सकाळी कमीच राह्यते. पण पळाली का चढते ना. तुमची काऊन नाई चढून राह्यली?"

विषय त्यांचा, प्रश्न त्यांच्याच वर्गातला, आणि उत्तर त्यांना पाठ होतं. मेहनतीनं उतरलेली नाडी मेहनत केली की चढते. जी चढत नाही ती आजाराची. साडू हळूच म्हणाले, "बरोबर पकडलं वं पोरी." इतका अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर पीएचडी मिळाली त्या दिवशीही पाहिला नव्हता.

तो शनिवार होता. सणाचे दिवस, डॉक्टर सोमवारी बसणार, तर सोमवारीच जाऊ असं ठरलं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. रविवारी सकाळी साडू मैदानावर गेले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसले. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नव्हता, असं नंतर डॉक्टरांनी समजावलं. कातडीखाली एक लहानसं यंत्र बसवलं असतं तर चार दिवसांत घरी आले असते म्हणाले. मला त्या डॉक्टरांचा फार राग आला, आणि घरी पोचेपर्यंत तो कुणावर काढायला हवा होता तेही कळलं.

याला आता दोन वर्षं झाली. ताईंना तपासणीला मीच नेतो. हल्ली कुणी साधं डोकं दुखतं म्हटलं तरी मी वाद घालत नाही, ऑटो बोलावतो. परवा डॉक्टरांनी ताईंचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बहात्तर. एकदम छान."

ताई माझ्याकडे वळल्या. "सर असते तर म्हणले असते, लय जास्त आहे."

आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो. हसता हसता ताईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला तेव्हा सांगायचं होतं की ताई, त्या दिवशी तुमचं खरं होतं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. दोन वर्षं हे वाक्य मी जवळ बाळगून आहे. तोंड उघडलंही होतं.

"चला भाऊजी," डोळे पुसत ताई म्हणाल्या, "लोकं खोळंबले आहेत बाहेर." मी उठलो आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.