नमुना घरातला पलंग

परवडणाऱ्या घरांचे नवे धोरण जाहीर झाले, त्या दिवशी आम्हा पत्रकारांना नमुना घर दाखवायला नेले होते. खोली ऐसपैस दिसावी म्हणून आतला पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतला होता. याच जागेवर शेवंताबाईंची झोपडी होती. ती पाडायला आलेल्या साहेबांनीच आज त्यांना फोटोसाठी बोलावले होते. झोपडीच्या बदल्यात त्यांना याच मापाची खोली मिळणार होती. बाईंनी पलंग निरखून पाहिला.

"साहेब, जरा आडवे व्हा की."

"अहो मावशी, घर तुमचं!"

"म्हणूनच तर. पहिला मान पाहुण्याचा."

कॅमेरे रोखलेले होते. साहेब हसत आडवे झाले आणि त्यांच्या पोटऱ्या पलंगाबाहेर लोंबू लागल्या.

घराचे माप कागदावर ठरते, तेव्हा त्यात राहणारा माणूस ते ठरवणाऱ्यापेक्षा लहान धरलेला असतो. तो खरोखर किती लहान धरला आहे, हे एरवी दिसत नाही.

साहेब उठू लागले.

"पडा हो निवांत," बाई म्हणाल्या. "मी चूल बाहेर काढेपर्यंतही तुम्ही थांबला नव्हता. मला काही घाई नाही."

छायाचित्रकाराने हळूच विचारले, "चेहरा घेऊ की पाय?"

मी म्हटले, "एकाच चौकटीत दोन्ही."